नानांच्या दोन दाढा: इम्प्लांटच्या आधी काय करायचं आणि नंतर काय जपायचं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपड्याकडचे तुमचे नाना 61 वर्षांचे, खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा काढून चार महिने झालेत, शुगर 9 वर्षांपासून आहे आणि मागच्या आठवड्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 8.9 आली. बीपीची एक गोळी चालू आहे, तंबाखू-चुना दिवसातून सात-आठ वेळा, केळी आणि कापूस अजून स्वतः बघतात. डॉक्टरांनी दोन इम्प्लांट सांगितलेत, तारीख मेमधली दिलीये, आणि तुम्हाला विचारायचंय की आधी काय तयारी करायची, नंतर काय खायचं, शेतात कधी जायचं, आणि नाना विचारताहेत की भाकर कधी चावता येईल.

मी अमळनेरला 22 वर्षं दाताचा दवाखाना चालवते, त्यातली 15-16 वर्षं इम्प्लांट करतेय. नानांचं तोंड मी बघितलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून पहिली गोष्ट स्पष्ट सांगते, मेची तारीख पुढे ढकला. 8.9 शुगरवर मी इम्प्लांटचा स्क्रू बसवणार नाही. 7 च्या आसपास असेल तर मन मोकळं असतं, 8 च्या आत असेल तर जपून करता येतं, त्याच्या वर असेल तर थांबायचं. शुगर जास्त असली की जखम उशिरा भरते, पू लवकर होतो, आणि हाड स्क्रूला धरायला जे काम करतं ते मंद पडतं. दाढा काढून चार महिने झालेत म्हणजे घाईचं काहीच नाही. हाड थोडं थोडं झिजतं हे खरं, पण तीन-चार महिन्यांत जे झिजेल त्यापेक्षा स्क्रू वाया गेल्यावर जे हाड जातं ते कितीतरी जास्त.

आता इम्प्लांट म्हणजे नक्की काय ते नानांना समजावून सांगा, कारण बरेच लोक त्याला "पक्का दात" म्हणतात आणि समजतात की आज गेलो आणि आज दात घेऊन आलो. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा एक छोटा स्क्रू बसवतात, दाढेच्या जागी साधारण 4 ते 5 मिलिमीटर जाड आणि 8 ते 12 मिलिमीटर लांब, तोच नवीन दाताचं मूळ. त्यावर नंतर एक जोड आणि त्यावर कॅप. टायटॅनियमच का, तर स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर 1952 मध्ये सशाच्या हाडावर प्रयोग करत होते, हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काम झाल्यावर काढायला गेले तर निघेचना, हाड तिला चिकटून वाढलेलं. त्यातून पुढे 1965 मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्या माणसाला 40 वर्षं टिकले. सगळ्या इम्प्लांटचं मर्म हेच आहे, हाडाने स्क्रूला धरलं पाहिजे, आणि ते धरण्याचं काम डॉक्टर करत नाही, पेशंटचं शरीर करतं, आम्ही फक्त जागा करून देतो.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक पेशंटला खुर्चीतून उठायच्या आधी सांगते आणि तरी निम्मे विसरतात. स्क्रू बसवला त्या दिवशी तो घट्ट असतो, कारण हाडात आवळून बसवलेला असतो. मग जुनं हाड त्याच्या भोवती थोडं विरघळतं आणि नवीन अजून तयार व्हायचं असतं, त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात स्क्रूची पकड सगळ्यात कमी असते. आणि नेमकं त्याच वेळी पेशंटला एकदम बरं वाटत असतं. सूज गेलेली, टाके निघालेले, दुखत नाही, मग माणूस त्या बाजूने चावायला लागतो, जीभ लावून बघतो, तंबाखू परत सुरू करतो. हाड आणि स्क्रू यांच्यामध्ये साधारण 100 ते 150 मायक्रॉन हालचाल होत राहिली, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढी, तरी तिथे हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो आणि तो स्क्रू मग कधीच पक्का होत नाही. म्हणून नानांना तारखा पाठ करायला लावा, दुखणं आठवड्यात थांबेल, जपायचं मात्र तीन-चार महिने.

शुगरनंतर तंबाखू. तुम्ही लिहिलंय "कमी करायला सांगतो". कमी करून भागणार नाही भाऊ. नाना तंबाखू-चुना मळून कुठे ठेवतात ते बघा, बहुतेक खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या आत, म्हणजे ज्या जागी टाके येणार त्याच्या अगदी शेजारी. चुन्याने हिरडी भाजते, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, आणि वर तो तंबाखूचा चुरा टाक्यात जाऊन बसतो. कमीत कमी दोन आठवडे आधी पूर्ण बंद आणि नंतर दोन महिने बंद, हे मी किमान म्हणून सांगते, खरं तर तारीख पुढे जातेच आहे तर आजपासून सोडू द्या, म्हणजे ऑपरेशनपर्यंत तलफ बरीच उतरलेली असेल. तंबाखू सोडायला सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, तिथे समुपदेशक बोलतात आणि परत फोनही करतात, माझ्या काही पेशंटना त्याचा खरंच उपयोग झालाय. तोंडात काहीतरी हवंच असेल तर लवंग, बडीशेप चालेल, पण फक्त ऑपरेशनच्या आधी, नंतर बडीशेपेचा दाणा टाक्यात अडकतो.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगते. 10-12 वर्षांपूर्वी एक मावशी आल्या होत्या पारोळ्याकडच्या, पन्नाशीच्या, शुगर नाही, बीपी नाही, हाड उत्तम. मी विचारलं तंबाखू खाता का, त्या म्हणाल्या "नही माय, आमना घरमा कोनी खात नही". स्क्रू छान बसला. सातव्या आठवड्यात आल्या, बोटाने हलतोय म्हणून. काढला तर त्याच्यावर हाडाचा कणही नव्हता, नुसता गुलाबी मऊ थर. मी परत सगळं विचारत बसले, आणि सुनेने सहज सांगितलं की आई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, अर्धा अर्धा तास. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची पावडर, आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच हे मी ओळखून विचारायला हवं होतं, बाई आहे म्हणून मी पुढे विचारलंच नाही. तेव्हापासून मी बायकांना मिश्री वेगळं विचारते, पुरुषांना गुटखा वेगळा, सुपारी वेगळी, विडी वेगळी. तुम्हीही नानांच्या बाबतीत डॉक्टरांना सगळं खरं सांगा, ते रागावतील म्हणून लपवू नका.

सुपारी खात असतील तर अजून एक बघा. नानांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं, मधली तीन, उभी एकावर एक दातांच्या मधे जातात का बघा. सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी कडक होते, पांढुरकी पडते, तिखट झोंबतं आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. दाढेच्या जागी ड्रिल आत न्यायला उंची लागते. दोनच बोटं जात असतील तर ते डॉक्टरांना आधी दाखवा, कारण त्याच्यावर आधी उपचार लागतात आणि तो आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो म्हणून तो दातापेक्षा मोठा प्रश्न आहे.

औषधांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जा. नुसतं "बीपीची गोळी" सांगू नका, पाकीट दाखवा. रक्त पातळ करायची गोळी असेल, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बहुतेक वेळा चालू ठेवूनच काम करतो, आणि काही बदल करायचा तर तो हार्टच्या डॉक्टरांना विचारून. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेतलंय का हे आठवून सांगा, कारण त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला अडचण येते. हे बायकांत जास्त असतं पण विचारायचं सगळ्यांना. 9 वर्षांची शुगर आहे म्हणजे किडनीची रक्त तपासणी, क्रिएटिनिन, पण करून घ्या, वेदनेची कुठली गोळी द्यायची ते त्यावर ठरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक सारख्या गोळ्या किडनी कमजोर असेल तर नकोत.

तोंडाची सफाई आधी. बाकीच्या दातांवर कीटण असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, एखाद्या दाताखाली पू असेल तर तो आधी निस्तरायचा. घाण तोंडात नवीन स्क्रू बसवणं म्हणजे तण न काढता बी टाकणं. हे तुम्हाला शेतकऱ्याला मी काय सांगू.

स्कॅनबद्दल. नुसत्या छोट्या एक्स-रेवर खालच्या दाढेचं इम्प्लांट करून घेऊ नका. सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन असतो, जळगाव-धुळ्याला सहज होतो, काही मिनिटांचं काम. खालच्या जबड्यातून एक नस जाते जी ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते, स्क्रूचं टोक तिच्यापासून कमीत कमी 2 मिलिमीटर लांब ठेवायचं असतं आणि ते अंतर स्कॅनवरच नीट मोजता येतं.

आणि डॉक्टरांना विचारायला लाजू नका, स्क्रू कुठल्या कंपनीचा, सांगितलेल्या पैशात काय काय आलं, स्कॅन, जोड, कॅप धरून की वेगळं. आपल्याकडे एका दाताला साधारण 20 हजारांपासून 50 हजारांपर्यंत घेतात, कंपनी आणि कॅप कसली त्यावर फरक पडतो. तालुक्याच्या गावांमध्ये बऱ्याचदा स्क्रू बसवणारे सर्जन जळगाव, नाशिक, पुण्याहून महिन्यातून एक-दोनदा येतात. त्यात वाईट काही नाही, अनुभवी असतात, पण तिसऱ्या दिवशी रात्री सूज वाढली तर कोणाला फोन करायचा हे आधी विचारून तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पेशंट उपाशी येतो. ऑपरेशन म्हटलं की पोट रिकामं हवं असं डोक्यात असतं. इथे भूल फक्त जागेपुरती, तोंडातल्या इंजेक्शनची, माणूस पूर्ण जागा असतो. शुगरची गोळी घेऊन उपाशी आलेला पेशंट खुर्चीत घामाघूम होऊन थरथरायला लागला की काय धावपळ होते ते मी बघितलंय. नाष्टा करून या, नेहमीची बीपी-शुगरची गोळी घेऊन या, इन्सुलिन चालू असेल तर डोस शुगरच्या डॉक्टरांना विचारून. झोपेचं इंजेक्शन देऊन करणार असतील तरच उपाशी राहायचं आणि तसं ते वेगळं सांगतात. सकाळची वेळ मागा, दाढी करून या कारण पुढचे चार-पाच दिवस गालाला हात लावणार नाही, अर्ध्या बाहीचा शर्ट घाला म्हणजे बीपी बघता येतं, आणि सोबत कोणीतरी हवंच. मोटारसायकलवर मागे बसून चोपड्यापर्यंत धक्के खात नेऊ नका, गाडी करा.

आत काय होतं ते सांगते म्हणजे नाना घाबरणार नाहीत. इंजेक्शन टोचतं तेवढंच दुखतं, मग ओठ जड होतो. ड्रिल सुरू झालं की दुखत नाही पण डोक्यात घुमतं, चक्की शेजारी चालू असल्यासारखं, कारण जबड्याचं हाड आणि कान जवळजवळ. ड्रिलवर सतत थंड सलाइन पडत असतं, घशाशी पाणी जमतं, नर्स ओढून घेत असते, नाकाने श्वास घ्यायचा. ते थंड पाणी फार महत्त्वाचं आहे, हाड 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात, म्हणून आम्ही सावकाश, थांबत थांबत ड्रिल करतो, डॉक्टर वेळ लावताहेत म्हणून अस्वस्थ होऊ नका. शेवटी स्क्रू पिळताना जबड्यावर दाब येतो, आणि टॉर्क रेंचचा, म्हणजे स्क्रू आवळायच्या पान्याचा, "टक" असा बारीक आवाज येतो. तो आवाज मला अजूनही आवडतो, हाडाने पहिल्या दिवशीची पकड दिली याची ती खूण. दोन स्क्रूंना सगळं मिळून तास-सव्वा तास. एक आजोबा मला आधी तीनदा विचारत होते, "ताई, दुखी का वं?", आणि झाल्यावर म्हणाले दाढ काढताना जास्त त्रास झाला होता. बहुतेकांचा अनुभव असाच असतो.

घरी आल्यावर पहिले 24 तास. कापूस-गॉज 30 ते 45 मिनिटं दाबून धरायचा, मग काढून टाकायचा, परत परत उघडून बघायचं नाही. थुंकायचं नाही, हे तंबाखूवाल्यांना सगळ्यात अवघड जातं, अंगात सवयच बसलेली असते. थुंकी गुलाबी येईल, गिळून टाका. चूळ पहिल्या दिवशी अजिबात नाही. बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून गालावर, 15 मिनिटं ठेवायचा 15 मिनिटं काढायचा, जागे असाल तोवर, फक्त पहिला दिवस. उशा दोन घ्या म्हणजे डोकं वर राहतं. वेदनेची पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आधीच घ्या, दुखायला लागल्यावर घेतली तर तासभर तळमळ होते. स्ट्रॉने काही प्यायचं नाही, ओढण्याने जखमेतली गाठ निघते. आणि गाडीवरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा हे तर अजिबातच नाही.

बधिरपणा दोन ते चार तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ, हनुवटी सुन्न असेल, मुंग्या येत असतील, तर "उतरेल हळूहळू" म्हणून बसू नका, त्याच सकाळी फोन करा. नसेवर दाब असेल तर पहिल्या दिवसा-दीड दिवसात स्क्रू सैल करून किंवा काढून फायदा होतो, आठवड्याने येऊन फारसा होत नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, पहिल्या दिवसापेक्षा गाल मोठा दिसेल, घाबरू नका, तिथून उतरायला लागते. गाल किंवा गळ्यावर निळसर-पिवळा डाग आला तरी चालतं, आठवडा-दहा दिवसांत जातो. पण चौथ्या दिवशी सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, ताप आहे, पू येतोय, किंवा तासभर दाबून धरूनही रक्त थांबत नाही, तर लगेच डॉक्टर. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला तर दाताच्या डॉक्टरची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलला.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकी चूळ, तोंडात घ्यायचं, मान इकडे-तिकडे वाकवायची, सोडून द्यायचं, खळखळ नाही. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश सांगितलं असेल तर 10 मिली सकाळ-संध्याकाळ, ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने, आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको, दात तपकिरी पडतात आणि जिभेची चव बदलते. बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखे घासायचे, टाक्यांची जागा सोडून. टाके 7 ते 10 दिवसांनी काढतात. हळद, तुरटी, लवंगेचं तेल यातलं काही टाक्यांवर लावू नका, घरातलं कोणीतरी प्रेमाने सुचवतंच. अँटिबायोटिक दिलं असेल तर कोर्स पूर्ण, दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही.

खाण्याचं मात्र नीट सांगते कारण आपल्या खान्देशी जेवणात मऊ कमी आणि तिखट-कडक जास्त. पहिल्या दिवशी गार किंवा साधं, दूध, पातळ, आंबट नसलेलं ताक, दही-भात मिक्सरमधून काढलेला. आपलं केळं तर यासाठीच केलंय, चमच्याने कुस्करून, पण नानांना शुगर आहे म्हणून एका वेळी अर्धंच, आणि ते दही-भाताच्या जोडीला, वेगळं वरून नको. दुसऱ्या दिवसापासून मऊ मुगाची खिचडी, वरण-भात कालवून, उपमा, इडली दुधात किंवा वरणात भिजवून, अंडं खात असतील तर मऊ भुर्जी. प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, जखम त्यातूनच भरते, नुसती साबुदाण्याची खीर देऊन शुगर वाढेल आणि ताकद येणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून भाकर दुधात किंवा ताकात कुस्करून, दुसऱ्या बाजूने.

आणि जे आपल्या लक्षात येत नाही ते म्हणजे शेंगदाण्याचा कूट. आपल्या भाज्यांत तो असतोच, बारीक रवाळ, आणि तो नेमका टाक्यांत जाऊन बसतो, दोन दिवसांनी वास यायला लागतो. तीळ, खसखस, राजगिरा, ठेच्यातल्या मिरचीच्या बिया, तसंच. टाके निघेपर्यंत नानांची भाजी कूट न घालता वेगळी काढायला सांगा. शेवभाजीचा तिखट रस्सा, पापड, बिबड्या, चिवडा, भाजलेल्या शेंगा हे महिनाभर लांब, आणि त्या बाजूने तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत काहीच कडक नाही. चहा पहिल्या दिवशी नको, नंतर कोमट करून.

शेतात कधी? बघायला, बांधावर उभं राहायला चौथ्या-पाचव्या दिवशी जा, उन्हात नको. वाकून करायचं काम, वजन उचलणं, फवारणी, दोन आठवडे नाही. माझा एक केळीवाला पेशंट रावेरकडचा, चौथ्या दिवशी गाडी भरायला माणूस कमी पडला म्हणून घड खांद्यावर घेतला, वाकल्यावर डोक्याकडे रक्त गेलं आणि दुपारी तोंडातून रक्त सुरू, टॉवेल धरून आला. टाका एक तुटला होता, परत घातला. स्क्रू वाचला, पण तिथे हिरडी थोडी खाली सरकली ती कायमची.

म्हणून तारीख शेतीकडे बघून घ्या. तीन महिन्यांची शुगर नावाप्रमाणे तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवते, त्यामुळे आत्ता पथ्य, चालणं, औषध नीट केलं तर जुलैअखेर तपासणीत फरक दिसेल, त्याच्या आधी परत तपासून उपयोग नाही. जूनमध्ये पेरणीची धावपळ असतेच. श्रावणात कानबाई बसली की घरी रोट, पाहुणे, खाणं, तेही होऊन जाऊ द्या. ऑगस्टच्या शेवटी, शुगर 7-साडेसातवर आली असेल आणि तंबाखू सुटलेला असेल तर स्क्रू बसवा, म्हणजे कापूस वेचणी जोरात येईपर्यंत नाना मोकळे. शुगर खाली आली नाही तर अजून थांबा, किंवा डॉक्टरांशी ब्रिजचं, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायच्या दातांचं, बोला. शेजारचे दात कसे आहेत, आणि मागची दाढ शिल्लक आहे का, त्यावर ते ठरतं.

खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने, शुगरवाल्यांना मी चार देते. मग एक छोटी भेट, हिरडीतून वर एक टोपी लावतात, दोन आठवड्यांनी माप, आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत कॅप. कॅप बसवताना त्या स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या, कंपनी, साईज, लॉट नंबर असतो त्यावर, आणि ते नानांच्या फाइलमध्ये चिकटवा. दहा वर्षांनी कॅप सैल झाली आणि नाना मुलाकडे पुण्याला असले तर तिथल्या डॉक्टरला नेमका कुठला पेचकस लागेल हे त्या कागदावरूनच कळतं. माझ्याकडे असे पेशंट येतात, कुठे बसवलं आठवत नाही, कंपनी माहीत नाही, आणि दोन मिनिटांचं काम दोन आठवडे लांबतं.

कॅपनंतरही रोज त्याच्या बाजूने छोटा फटीतला ब्रश फिरवायचा आणि सहा महिन्यांनी दाखवायचं. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीत पू होऊन हाड झिजू शकतं, आणि खऱ्या दातासारखं ते लवकर दुखत नाही, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तंबाखू परत सुरू झाला तर हे हमखास वाढतं.

आता नानांचा प्रश्न. सगळं वेळेवर झालं तर कॅप जानेवारीत बसेल, भरिताच्या वांग्यांचा सीझन. पहिले दोन आठवडे भरीत आणि मऊ कळण्याची भाकर, लहान घास, दोन्ही बाजूंनी. त्या दातांना खऱ्या दातासारखी जाणीव नसते, किती जोर लावतोय ते लगेच कळत नाही, म्हणून हळूहळू अंदाज येऊ द्यायचा. फेब्रुवारीत डॉक्टर एकदा चावण्याचं माप तपासतील, कुठे जास्त टेकत असेल तर घासून देतील, आणि तिथून पुढे दादरची भाकर, वरणात भिजवलेली बट्टी, भाजलेल्या शेंगा, सगळं. फक्त सुपारी आणि अक्रोड त्या बाजूने फोडायचे नाहीत.